टोमॅटोच्या वाफ्यांतील तण

मागील अंकांत आम्हीं टोमॅटोचीं रोपें तयार करून तीं वाफ्यांत लावण्यापर्यंतची हकीकत दिली होती, आणि या वेळीं झाडांस काठ्यांचा आधार कसा द्यावा याचा विचार करूं असें म्हटलें होतें. तो विचार एक महिना पुढें ढकलणें भाग पडत आहे. इंदापूर तालुक्यांतील एका भगिनींचें पत्र आमच्यासमोर आहे. त्या लिहितात कीं, रोपें लावून आठ दिवस होतात न होतात तोंच त्यांस माहेरीं जावें लागलें. तीन आठवड्यांनीं परत येऊन पाहतात तों वाफ्यांत रोपें कोणतीं आणि गवत कोणतें हेंच ओळखूं येईना. चिरंजीव म्हणतात, दुकानांतून तणनाशक आणून एकदां फवारलें कीं काम झालें. सासूबाई म्हणतात, खुरपें घेऊन बसावें. आतां कोणाचें ऐकावें?

पत्र चार ओळींचें आहे, पण त्यांतील प्रश्न चार ओळींत सुटण्यासारखा नाहीं. आमचा कौल सासूबाईंच्या बाजूनें आहे हें प्रथमच सांगून टाकतों. मात्र खुरप्यावरहि सर्वस्वीं विसंबून चालत नाहीं; कांहीं तणांच्या बाबतींत तर खुरपें हेंच तणाची लावणी करणारें अवजार ठरतें. चिरंजिवांच्या मार्गाविषयीं म्हणाल, तर त्या मार्गानें आम्ही स्वतः कधीं गेलों नाहीं. नुसती त्याच्या कडेची धूळ अंगावर उडाली, तीहि आमच्याच चुकीनें, आणि तेवढ्यानें चोवीस झाडें गेलीं व एक जुना ऋणानुबंध जातां जातां राहिला. ती हकीकत पुढें येईलच.

तणाच्या बाबतींत आमच्या कऱ्हाटीचा एक विशेष आहे. कऱ्हा आणि नीरा या दोन नद्यांचा हा मुलूख पर्जन्यच्छायेचा. वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आगेंमागें, तोहि बेभरंवशाचा. जिराईत गांवांत तणाला पावसाळ्याचे काय ते चार महिने मिळतात; पुढें ऊन त्याचा समाचार घेतें. परंतु इ. स. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला, आणि त्याच्या पाण्यानें ऊस जसा बारमाही झाला तसें तणहि बारमाही झालें. घरामागच्या परसांत तर नळाचें, विहिरीचें, मोरीचें पाणी रोजच जातें. जेथें रोज पाणी, तेथें रोज तण. शिवाय कालव्याचें पाणी वरच्या शिवारांतील तणांचें बीहि आपल्याबरोबर घेऊन येतें. ज्यांच्या परसांत पाटाचें पाणी येतें त्यांनीं पाटाच्या तोंडाशीं जुन्या लुगड्याचा तुकडा बांधावा आणि चार दिवसांनीं तो झटकून पाहावा, म्हणजे आमच्या म्हणण्याची प्रचीति येईल. अर्धवट कुजलेल्या शेणखताचीहि तीच गोष्ट. गुरांनीं खाल्लेल्या गवताचें पुष्कळ बी पोटांतून जिवंत बाहेर पडतें, आणि खत नीट तापून कुजलें नसेल तर आपण स्वहस्तें तें वाफ्यांत पेरीत असतों.

‘तण खाई धन’ ही म्हण शेतकरी उगाच म्हणत नाहीं. टोमॅटोचें रोप लावल्यावर पहिला महिना तें फार सावकाश वाढतें. त्याचीं मुळें उथळ, पानांची सावली तोकडी. तणाला मात्र कोणी लावलेलें नसतें, तें आपल्या मर्जीनें आलेलें असतें, आणि आगंतुकाची भूक नेहमींच मोठी. पाणी, खत आणि ऊन या तिन्ही गोष्टी तें रोपाच्या तोंडांतून काढून घेतें. लावणीपासून पहिले चार ते सहा आठवडे वाफा स्वच्छ राहिला तर पुढें टोमॅटो स्वतःच जमिनीवर सावली धरतो व नंतर उगवणारें तण त्याच्या खालीं कुचमतें. उलट हे सहा आठवडे गेले म्हणजे मग कितीहि खुरपा, गेलेलें पीक परत येत नाहीं. याखेरीज तणांत पांढरी माशी आणि फुलकिडे आश्रय घेतात, आणि टोमॅटोचीं पानें आकसून झाड बोकडणारा जो रोग आहे, त्याचें विष पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. इ. स. २०२३ च्या जुलैंत टोमॅटो किलोस शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हां परसांतल्या दहा झाडांचें मोल काय हें पुष्कळ घरांस कळलें. पण त्या वर्षीं लावलेल्या किती वाफ्यांचें तणांत विसर्जन झालें हें कोणी मोजलें नाहीं.

आतां तण म्हणजे सगळें एकच, ही समजूत प्रथम टाकून द्यावी. शत्रु ओळखल्यावांचून त्याशीं लढूं नये, हें नीतिशास्त्र परसांतहि लागू आहे. आमच्याकडील तणांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतां येतात : बियांपासून येणारीं, आणि मुळांपासून किंवा कांड्यांपासून येणारीं.

पहिल्या वर्गांत घोळ, तांदुळजा, काटेमाठ, कुंजर, केना, कामोणी, गाजरगवत इत्यादि मंडळी येतात. यांचें एक बरें असतें, फुलावर येण्यापूर्वीं उपटलीं कीं प्रश्न मिटतो. त्यांतहि घोळ मोठी चिवट. उपटून वाफ्याच्या कडेला टाकली तर ओल लागतांच ती पुन्हा मूळ धरते, आणि फूल आलेलें असेल तर उपटलेल्या अवस्थेंतहि बी पिकवते. केन्याच्या पेरापेराला मुळें फुटतात, एवढेंच नव्हे तर जमिनीखालींहि तो लहान फुलें धरून बी करतो. वरून नुसता ओरबाडणाऱ्याची तो अशी फसवणूक करतो. सबब हीं दोन्ही तणें उपटलीं कीं टोपलींत घालावीं, वाफ्यांत ठेवूं नयेत. घोळ, तांदुळजा, कुंजर आणि केना यांच्या कोवळ्या पाल्याची टोपली स्वयंपाकघराकडे नेली तरी चालेल. घोळीची डाळ घालून केलेली भाजी आमच्या घरीं वर्षांतून आठ-दहा वेळां तरी होते, आणि तिला पैसा पडत नाहीं. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचें खावयाचें नाहीं असा आपला नियम. त्या दिवशीं हें आपसूक उगवलेलें तणच मानानें पानांत येतें.

कामोणी, जिला संस्कृतांत काकमाची म्हणतात, ती मात्र डोळ्यांत तेल घालून काढावी. आमच्या लहानपणीं वडीलधाऱ्या बायका टोमॅटोस ‘वेलवांगें’ म्हणत, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तें अगदीं बरोबर होतें. वांगें, टोमॅटो, बटाटा, कामोणी ही सारी एकाच कुळांतील भावंडें. जी कीड व जो रोग टोमॅटोस, तोच बहुधा कामोणीस. तिचें रोप कोवळेपणीं मिरचीसारखें दिसतें, म्हणून पुष्कळ जण तें दयेनें राखतात. ही दया महाग पडते.

गाजरगवताविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. हें आपल्याकडचें नव्हे, अमेरिकेच्या उष्ण भागांतलें. या देशांत त्याचा उपद्रव प्रथम लक्षांत आला तो पुण्यास, आणि इ. स. १९५६ मध्यें शास्त्रीय लेखनांत त्याची पुण्याची नोंद झाली. अमेरिकेंतून आलेल्या गव्हाबरोबर तें आलें असें लोक म्हणतात. तें कसेंहि आलेलें असो, आज कालव्याची भर, रस्त्याची कड आणि पडीक प्लॉट त्यानें पांढरे केले आहेत. इ. स. १९८४ मध्यें त्याचीं पानें खाणारा मेक्सिकोकडील एक भुंगेरा बंगलोरकडे मुद्दाम आणून सोडण्यांत आला, आणि पावसाळ्यांत तो आपलें काम करतोहि. परंतु परसांतल्या वाफ्यासाठीं त्याची वाट पाहत बसण्यांत अर्थ नाहीं. गाजरगवत फुलण्यापूर्वीं उपटावें, आणि उपटतांना हातमोजे घालावे. याच्या संसर्गानें पुष्कळांच्या अंगाला भयंकर खाज सुटते, कित्येकांस दमा होतो. एका झाडाचें बी हजारांनीं मोजावें लागतें. एक झाड फुलूं दिलें तर पुढील कित्येक वर्षांची बेगमी झाली असें समजावें.

दुसऱ्या वर्गांत दोनच नांवें सांगतों, पण तीं दोन पहिल्या वर्गांतील वीसांस भारी आहेत : हरळी आणि लव्हाळा.

हरळीविषयीं आमच्या घरांत दीर्घकाळ तंटा चाललेला होता. आम्ही जिला हरळी म्हणून उपटीत असूं, तिलाच आमच्या घरांतील मंडळी दूर्वा म्हणून जपत असत. संकष्टीला एकवीस दूर्वांची जुडी हवी, श्रावणांत जिवतीला आघाडा व दूर्वा हव्यात, भाद्रपदांत तर विचारूंच नका. आणि बाजारांतील दूर्वा कोणत्या नाल्याच्या कांठच्या आणि कशानें फवारलेल्या, याची खात्री कोणी द्यावी? हें म्हणणें खरें होतें. शेवटीं तोड निघाली ती अशी. अंगणांत एक जुनी दगडी डोणी पडून होती. तींत माती भरून दूर्वा लावल्या आणि ती फरशीवर ठेवली, म्हणजे मुळें खालीं उतरूं नयेत. डोणींत असेल ती दूर्वा, वाफ्यांत असेल ती हरळी, असा आतां आमच्या घरचा कायदा आहे. ज्यांच्याकडे डोणी नाहीं त्यांनीं मोठी कुंडी घ्यावी, पण ती मातीवर ठेवूं नये. कुंडीच्या भोकांतून हरळीची कांडी बाहेर पडलेली आम्हीं पाहिली आहे.

हरळीला खुरपें लावणें म्हणजे एकीच्या सहा करणें. तिच्या जमिनीखालच्या कांड्याचा प्रत्येक तुकडा, त्यावर एक डोळा असला तरी, नवी हरळी होतो. काळ्या मातींत तीं कांडीं हात-दीड हात खोल जातात. म्हणून हरळी काढण्याची वेळ टोमॅटो लावल्यावरची नव्हे, त्याच्या आधींची. वैशाखांत वाफा कोरडा ठणठणीत असतां टिकावानें खोल खणावा, ढेकळें फोडून कांडीं न तोडतां लांबच्या लांब ओढून काढावीं आणि गच्चीवर किंवा खडकावर पंधरा दिवस कडक उन्हांत वाळवावीं. आमच्याकडील शेतकरी उन्हाळ्यांत नांगरून रान तापत ठेवतो त्यांतील मर्म हेंच. ज्यांस खणणें झेपत नाहीं त्यांनीं वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घट्ट ताणावा, कडा मातींत पुराव्या आणि तसाच चार ते सहा आठवडे ठेवावा. कऱ्हाटीच्या चाळीस अंशांच्या उन्हांत त्या कागदाखालीं बियांपासून येणारें बहुतेक तण भाजून निघतें. हरळीवरहि थोडाफार परिणाम होतो, पण तिच्या खोल कांड्यांचा पुरता नायनाट होत नाहीं. लव्हाळा मात्र त्यालाहि दाद देत नाहीं.

लव्हाळ्याच्या मुळाशीं ज्या काळ्या गांठी असतात, तोच नागरमोथा, संस्कृतांतील मुस्ता. अमरकोशानें मेघाचीं सारीं नांवें या वनस्पतीस बहाल केलेलीं आहेत, आणि कालिदासाच्या शाकुंतलांत दुष्यंत शिकार थांबवतो तेव्हां रानडुकरांस डबक्यांतील मुस्ता निर्धास्तपणें उकरण्यास मोकळीक देतो. वैद्य तो तापावर देतात, दिवाळीच्या उटण्यांत तोच सुगंध आणतो. वाफ्यांत मात्र त्याच्याइतका हट्टी प्राणी दुसरा नाहीं. आम्ही शाळेंत असतांना जो विद्यार्थी बाहेर काढला तरी दुसऱ्या दारानें पुन्हा आंत येऊन बसे, त्याची आठवण लव्हाळा पाहून नेहमीं होते. वरची पात उपटली कीं खालची गांठ तशीच राहते व आठ दिवसांत नवी पात काढते. आणि एक गांठ दुसरीशीं, दुसरी तिसरीशीं दोऱ्यानें जोडलेली असते. बाजारांत मिळणारा काळा-रुपेरी मल्चिंगचा कागद पुष्कळ शेतकरी टोमॅटोस घालतात व त्याखालीं बाकीचीं तणें गुदमरतात, पण लव्हाळ्याचें टोंक सुईसारखें, तो कागद भोसकून वर येतो. त्यावर उपाय एकच, चिकाटी. पात दिसली कीं ओल्या मातींतून गांठीसकट काढावी. गांठ न निघाली तरी दर दहा-पंधरा दिवसांनीं पात काढीत राहावें. पानेंच नाहींत तर गांठीनें खावें काय? दोन हंगामांत ती दमते. डुकरें पाळण्याचा कालिदासी उपाय आम्हीं सुचवलेला नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

इंदापूरच्या भगिनींनीं आतां तांतडीनें काय करावें? तीन आठवड्यांचें तण एकदम ओढून काढूं नये. त्याचीं मुळें रोपांच्या मुळांत गुंतलेलीं असतात. तणाबरोबर टोमॅटोहि उचलला जातो. आदल्या दिवशीं वाफा भिजवावा, दुसऱ्या दिवशीं वाफसा आला म्हणजे, उन्हें उतरल्यावर, रोपाच्या बुडाशीं डावा हात दाबून धरून उजव्या हातानें तण काढावें. जें तण अगदीं खोडाला खेटून व थोराड असेल तें उपटण्याऐवजीं कात्रीनें जमिनीलगत कापावें. गवताच्या सावलींत वाढलेलीं रोपें नाजूक झालेलीं असतात, तीं एकदम दुपारच्या उन्हांत उघडीं पाडूं नयेत; म्हणून एका दिवशीं अर्धाच वाफा घ्यावा. मधल्या मोकळ्या जागेंत खुरपें चालवावें, पण बोटाच्या एका पेराहून खोल नको. खोल खुरपलें कीं टोमॅटोचीं मुळें तुटतात, आणि जमिनीच्या पोटांत निजलेलें जुनें बी प्रकाशांत येऊन जागें होतें. पुढच्या हंगामास लावणीपूर्वीं वाफा तयार करून, पाणी देऊन, दहा दिवस तसाच सोडावा. जें तण उगवेल तें वरच्या वर खरवडून मग रोपें लावावीं. निम्मी खुरपणी त्यांतच वांचते.

आतां चिरंजिवांच्या तणनाशकाविषयीं. आमच्या परसाच्या मागें बांध आहे व बांधापलीकडे ऊस. तो ऊस ज्यांचा, ते गृहस्थ एके काळीं आमच्या वर्गांत बसलेले. उसांतील रुंद पानांचें तण मारण्यास ‘टू-फोर-डी’ या नांवाचें औषध फवारतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत निघालेलें हें औषध मोठें चमत्कारिक आहे. तें गवतास सहसा मारीत नाहीं, रुंद पानांच्या वनस्पतींस मारतें. आणि ऊस, ज्वारी, मका हीं सारीं मूळचीं गवतेंच असल्यामुळें त्यांत तें चालतें. आमच्या वाफ्यांत तेंच मारलें तर काय होईल? हरळी सुखरूप राहील आणि टोमॅटो मरेल. त्या औषधाच्या दृष्टीनें टोमॅटो हेंच तण आहे! टोमॅटोइतकीं नाजूक पिकें त्यास थोडींच. वाऱ्याबरोबर उडून आलेला तुषारहि त्यास पुरतो.

तीन वर्षांपूर्वींच्या कार्तिकांत आमच्या वाफ्यांत दोन ओळींत चोवीस टोमॅटो होते, पांच आठवड्यांचे, पहिलीं फुलें नुकतीं आलेलीं. बांधाच्या बाजूस तिसऱ्या ओळींत सहा वांगीं होतीं. पांढरी माशी दिसूं लागली म्हणून आम्हीं निंबोळीचा अर्क केला आणि फवारण्यासाठीं शेजाऱ्यांचा पाठीवरचा पंप मागून आणला. देतांना ते म्हणाले, “गुरुजी, नीट धुवून घ्या बरं का.” आम्हीं त्यांत एकदां पाणी घालून हलवून ओतून दिलें, आणि याला धुणें म्हणावें असें समजलों. अर्क टोमॅटोवर फवारून संपला. वांगीं राहिलीं तीं राहिलींच.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों चोवीसच्या चोवीस झाडें वांकडीं झालेलीं. देंठ खालीं वळलेले, शेंड्याचीं पानें पिळवटून चिंचोळीं, शिरा गवताच्या पानाप्रमाणें सरळ एकमेकींस समांतर. टू-फोर-डीचें हें लक्षण आम्हीं वाचलेलें होतें. दोनच दिवसांपूर्वीं बांधापलीकडे उसांत फवारणी झाली होती. वारा त्या दिवशीं उसाकडून आमच्याकडे होता, असें आम्हीं तेथल्या तेथें ठरवून टाकलें. वास्तविक वारा कोणीकडून होता हें आम्हांस मुळींच आठवत नव्हतें.

आम्ही तसेच बांधावर गेलों आणि त्या गृहस्थास त्याच्या मुलांदेखत, खुरपणाऱ्या बायांदेखत, तोंडास येईल तें बोललों. शिकून हेंच केलेंस काय, इथपर्यंत बोललों. पंचेचाळिशीचा तो गृहस्थ मान खालीं घालून ऐकत राहिला, शेवटीं एवढेंच म्हणाला, “गुरुजी, वांगी माझ्या बांधाला हायेत. त्यास्नी काय बी न्हाई झालं. टोमॅटो घराकडं हायेत, त्येच वाकलेत. मग औषध वांग्यावरनं उडी मारून गेलं का?”

आम्हांस तें उद्धटपणाचें वाटलें. चार दिवस बोलणें बंद. पांचव्या दिवशीं घरांतील मंडळींनीं ताट वाढतां वाढतां विचारलें, “अहो, त्या दिवशीं अर्क वांग्यांवर मारला होता का?” नव्हता. घास हातांत तसाच राहिला.

ज्या मनुष्यानें पोरांस आयुष्यभर अन्वय आणि व्यतिरेक शिकवले, जेथें धूर तेथें अग्नि आणि जेथें अग्नि नाहीं तेथें धूरहि नाहीं हें फळ्यावर लिहून घोकून घेतलें, त्यास बांधावर उभें राहून त्याच्याच विद्यार्थ्यानें व्यतिरेकाचें उदाहरण दिलें आणि तें त्यास कळलें नाहीं. वांगीं हीं टोमॅटोचीं सख्खीं भावंडें; औषध वाऱ्यावरून आलें असतें तर बांधाजवळच्या वांग्यांस तें आधीं बाधतें. तथापि आम्हांस आणखी खात्री हवी होती. पंप अद्याप ओटीवरच पडला होता. त्यांत तांब्याभर पाणी घालून हलवलें आणि तें कुंडींतल्या दोन शिल्लक रोपांवर शिंपडलें. दुसऱ्या कुंडींतल्या दोहोंवर साधें पाणी. दुसऱ्या दिवशीं पहिल्या कुंडींतलीं रोपें माना टाकून वळलेलीं, दुसऱ्या कुंडींतलीं ताठ. हा प्रयोग कोणासहि करतां येईल. मागून आणलेल्या पंपानें फवारण्यापूर्वीं केला असता तर पुढचें कांहींच घडलें नसतें.

संध्याकाळीं आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलों. ज्यांच्यादेखत बोललों होतों तीं मुलें होतीं, दोन बायाहि होत्या. त्यांच्यादेखतच चूक आमची होती असें सांगितलें. सांगतांना जिभेस फार जड गेलें, हें लपवण्यांत अर्थ नाहीं. तो गृहस्थ म्हणाला, “सोड्याच्या पाण्यानं रातभर भिजवाया सांगाया पायजे व्हतं मी. निस्त्या पाण्यानं जात न्हाई ते.” आणि त्याच्या कारभारणीनें चहा आणला.

त्याचें म्हणणें शास्त्रासहि धरून आहे. हें औषध पंपाच्या नळींत, वायसरांत, प्लॅस्टिकच्या अंगांत चिकटून राहतें. धुण्याचा सोडा किंवा अमोनिया घातलेलें पाणी पंपांत भरून, नळींतूनहि फिरवून, रात्रभर ठेवावें लागतें व मग पुन:पुन्हा धुवावें लागतें. त्याहून चांगलें हें कीं तणनाशकाचा पंप वेगळाच असावा. आमच्या शेजाऱ्यांनीं आतां आपल्या पंपावर तांबड्या रंगाची फुली काढली आहे. वळलेलीं झाडें आम्हीं उपटून टाकलीं. त्यांवरचीं फळें खाल्लीं नाहींत व खतांतहि घातलीं नाहींत. वाचकांनीं एवढें मात्र ध्यानांत ठेवावें : रोगानें बोकडणारीं झाडें एकेक करून, मागें-पुढें बोकडतात, एका रात्रींत सगळीं वांकडीं झालीं तर रोगाचा नव्हे, औषधाचा संशय घ्यावा, आणि तो कोणावर घ्यावयाचा तें चार दिवस थांबून ठरवावें.

ग्लायफोसेट नांवाचें दुसरें औषध आहे, तें तर हिरवें तेवढें सगळेंच मारतें. उभ्या टोमॅटोच्या वाफ्यांत त्याचें काम नाहीं. मोठ्या शेतकऱ्यांसाठीं टोमॅटोंत चालणारीं औषधेंहि आहेत, परंतु तीं एकराच्या मापानें वापरावयाचीं. दहा फूट वाफ्यास त्यांचें माप काढतांना थेंबाचा हिशेब चुकला कीं पीक गेलें. चिरंजिवांना आमचा आशीर्वाद सांगावा आणि त्यांच्याकडून पाचट आणवावें.

होय, पाचट! उसाचीं वाळलेलीं पानें. आमच्या भागांत ऊस तुटल्यावर तें फडांतच पेटवून देण्याची रीत फार वर्षें चालत आली आहे. परसांतल्या टोमॅटोस मात्र त्याच्यासारखें आच्छादन नाहीं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनीं प्रयोग परिवाराच्या द्वारें लहानशा जागेंत काडीकचऱ्याच्या आच्छादनावर पीक घेण्याचा पुष्कळ प्रसार केला. आमचा अनुभव त्यांच्या मताशीं जुळतो. पहिली खुरपणी झाली, रोप वीतभर उंच झालें व जमीन ओली असली म्हणजे जुनीं वर्तमानपत्रें तीन-चार पदरी अंथरावीं, त्यांवर पाचट चार बोटें जाड पसरावें. खोडाभोंवतीं तीन बोटें जागा मोकळी सोडावी, नाहींतर ओलीनें बूड कुजतें. पाचट मातींत कालवूं नये, वरच राहूं द्यावें. खालीं उजेड नाहीं म्हणून बी उगवत नाहीं. ऊन नाहीं म्हणून पाणी उडत नाहीं. पूर्वीं आमच्या वाफ्यास एक दिवसाआड पाणी लागे, आतां चौथ्या दिवशीं पुरतें. टँकरच्या गांवांतल्या भगिनींस याचें महत्त्व आम्हीं सांगावयास नको. उणीव म्हणाल तर जमीन कोरडी पडली कीं वाळवी लागते, आणि पावसाळ्यांत गोगलगाई दडतात. दर रविवारीं पाचट उचलून पाहावें. लव्हाळा त्यांतूनहि येतोच, पण भुसभुशीत मातींतून तो गांठीसकट सहज निघतो.

यंदा शेजाऱ्यांच्या उसाची तोड पौषांत आहे. ट्रॉलीभर पाचट न पेटवतां बांधावर टाकून देतों, असें ते परवां सांगून गेले. तोंवर आमच्या वाफ्यांत नुसतीं वर्तमानपत्रें आणि वर चार ढेकळें आहेत, आणि रोज सकाळीं पाव तास आम्ही खुरपें घेऊन बसतों. काठ्यांचा विचार पुढील अंकीं.